गाडीची दुखणी : या वेळी नुसता क्रँक

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून क्रँकचेच, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याचे, प्रश्न इतके आलेत की गिअरबॉक्सवाले आणि टर्बोवाले पुढच्या अंकात घेतो, रागावू नका. एक गोष्ट सगळ्यांना आधीच सांगून ठेवतो, क्रँक तुटला की लोक पहिलं काम काय करतात तर तुकडे लोहा मंडीत विकून टाकतात, दोन-चार हजार हातात येतात, आणि मग मला विचारतात काका का तुटला असेल? अहो तुकडा विकला तिथेच उत्तरही विकलं गेलं. नवा क्रँक बसून गाडी नीट चालायला लागेपर्यंत जुना राहू द्या एका कोपऱ्यात, आणि दोन्ही तुटलेले चेहरे एकमेकांवर घासू नका, वायर ब्रश तर अजिबात नको, तेलाचा हात लावून पोत्यात गुंडाळून ठेवा.

प्रश्न : काका नमस्कार. आमची सहा सिलिंडरची दहाचाकी आहे, इंदूर-मुंबई लाइनवर चालते. दिवाळीच्या आधी गाडीसोबत आलेला क्रँक तुटला, पाचव्या सिलिंडरच्या पिनवर. नवा टाकला, बिलासकट, चांगल्या दुकानातून. होळीच्या आत परत तुटला आणि जवळपास त्याच जागी. मिस्त्री म्हणतो माल डुप्लिकेट, दुकानदार म्हणतो तुम्ही ओव्हरलोड चालवली. दोघांच्या मधे मी लटकलोय. दोन्ही तुकड्यांचे फोटो पाठवले आहेत. (देवास नाका, इंदूर)

फोटो बघितले दादा, आणि दोन्ही तुकडे ठेवलेत याबद्दल आधी शाबासकी. आता दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. चीर सरळ आडवी गेलेली नाहीये, पिनच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉड जिथे बसतो त्या गोल भागाच्या, मधे जे तेलाचं भोक असतं ना त्याच्या तोंडापासून निघून तिरपी गेलीये, अंदाजे ४५ अंशात. दोन्ही वेळा तशीच. हे पिळाने तुटणं आहे. क्रँक वाकून वाकून तुटतो तेव्हा चीर पिन आणि वेब (पिनच्या दोन्ही बाजूंचं जाड पातं) जिथे मिळतात त्या गोलाईत, म्हणजे रेडियसमध्ये सुरू होते आणि वेबमधून बरीचशी सरळ आरपार जाते. पीळ आणि वाकणं यांची कारणं वेगळी, इलाजही वेगळा, म्हणून हे आधी ठरवायचं आणि नंतरच कोणाशी भांडायचं.

पीळ कुठून आला? सहा सिलिंडरचा क्रँक लांब असतो, दर स्फोटाला तो किंचित पिळतो आणि सुटतो, डोळ्याला दिसत नाही इतकं कमी पण होतं. ठराविक आरपीएमला हे धक्के क्रँकच्या स्वतःच्या थरथरीशी जुळतात आणि मग पीळ वाढत जातो. मागे जड फ्लायव्हील आहे म्हणून मागचं टोक फारसं हलत नाही, पुढचं टोक सगळ्यात जास्त हलतं, पण गंमत अशी की ताण सगळ्यात जास्त बसतो तो फ्लायव्हीलच्या जवळ, मागच्या सिलिंडरांपाशी. म्हणजे तुमच्या पाचव्याच्या आसपास. ही थरथर खायलाच पुढे पुलीपाशी डॅम्पर लावलेला असतो, आणि तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात डॅम्परचा एक शब्द नाहीये. मिस्त्रीला विचारा, दिवाळीला डॅम्पर बदलला होता का? मी पैज लावून सांगतो की जुनाच धुवून परत लावला असेल, कारण तो बाहेरून चांगला दिसतो आणि महाग येतो.

डॅम्पर दोन तऱ्हेचे असतात. रबरवाल्यात आतला हब आणि बाहेरची रिंग यांच्यामधे रबर असतं, ते फुगलंय, भेगा पडल्यात, रिंग पुढे-मागे सरकलीये असं दिसलं तर विषय संपला. शंका असेल तर हबपासून रिंगपर्यंत पांढऱ्या पेंटने एक सरळ रेघ ओढा, दोन-तीन ट्रिप मारा आणि बघा, रेघ तुटून सरकली असेल तर रबर सुटलंय. दुसरा व्हिस्कस, त्यात बंद डब्यात एक जड रिंग सिलिकॉनच्या घट्ट तेलात फिरते. ते तेल वर्षानुवर्षं तापून तापून घट्ट होतं, गोठतं, रिंग अडकते, आणि बाहेरून काहीही दिसत नाही, म्हणून बऱ्याच इंजिन कंपन्या सांगतात की मोठ्या ओव्हरहॉलला हा डॅम्पर नवाच टाका. डब्यावर पोचा आहे का ते बोट फिरवून बघा, कारण आत रिंग आणि डब्यामधली जागा इतकी कमी असते की हातोडीचा एक ठोकासुद्धा रिंग धरून बसतो, आणि आपल्याकडे पुली निघेना की पहिली हातोडीच उचलतात हे तुम्हालाही माहीत आहे. अजून एक, चांगला व्हिस्कस डॅम्पर थरथर खाऊन तिची उष्णता करतो, त्यामुळे लोडवर लांब चालून आल्यावर तो गरम लागायलाच पाहिजे. इंजिन बंद करून इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा, आजूबाजूच्या लोखंडापेक्षा वेगळा गरम नसेल तर संशय घ्या.

आणि हे केबिनमध्ये ड्रायव्हरला कळत नाही बरं का. पिळाची थरथर इंजिनच्या माउंटिंगवर येत नाही, गाडी मस्त चालतीये असंच वाटतं. खुणा दुसरीकडे दिसतात, पुलीचे बोल्ट सारखे ढिले होणं, पुढच्या टायमिंग गिअरचा आवाज, कॉम्प्रेसर नाहीतर अल्टरनेटरचं ब्रॅकेट पुन्हा पुन्हा तुटणं. मागच्या वर्षभरात असं काही झालं होतं का ते जुनी बिलं काढून बघा.

डॅम्परसोबत इंजेक्टरही तपासून घ्या, एखादं सिलिंडर नीट पेटत नसेल किंवा एकात डिझेल जास्त जात असेल तर धक्के असमान होतात आणि पीळ आणखी वाढतो. जुन्या पंपाच्या गाडीत मिस्त्री एकेक पाइप ढिला करून बघतात ते ठीक, पण कॉमन रेल असेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जबर दाबाच्या नळीतून डिझेल जात असेल, तर चालू इंजिनवर पाइपाला पान्हा लावायचा नाही म्हणजे नाही, हजार-दीड हजार बारच्या वरचं प्रेशर असतं, ती धार कातडी फोडून आत जाते आणि हात कापायची वेळ येते. तिथे स्कॅनरनेच बघायचं.

मालाच्या डुप्लिकेटपणाबद्दल म्हणाल तर तेही असू शकतं, मेटलर्जीच्या लॅबमध्ये तुकडा दिला तर हार्डनेस आणि धातूची घडण कळते, मग दुकानदाराशी कागद हातात घेऊन बोलता येईल. पण दोन वेगळे क्रँक एकाच जागी एकाच तऱ्हेने तुटलेत, पहिला तर गाडीसोबत आलेला होता, तेव्हा माझं बोट इंजिनकडे जातं. दुकानदाराकडे नंतर. तिसरा क्रँक नव्या डॅम्परशिवाय बसवू नका.

प्रश्न : नमस्कार. मिस्टर गेल्यापासून आमचे दोन ट्रक मीच बघते. मागच्या महिन्यात गणेश घाट उतरताना म्हणे गाडी रेस झाली, आणि खलघाट यायच्या आधी इंजिन बंद पडलं. खोललं तर क्रँक तुटलेला. बाकीचे गाडीवाले म्हणतात ड्रायव्हरने न्यूट्रलमध्ये घाट उतरवला, इंजिन रेस करून तोडलं, पगारातून कापा. मुलगा जुना आहे, रडतोय. तुकडा माझ्याकडे आहे, निम्म्याहून जास्त भाग काळा गुळगुळीत आहे आणि बाकीचा खरखरीत चमकतोय. फोटो सोबत आहे. काय करू? (सुदामानगर, इंदूर)

ताई, पगार कापू नका. आधी लोकांच्या बोलण्यातच बघा काय गडबड आहे ते. न्यूट्रलमध्ये उतरवली असेल तर इंजिन आयडलवर असतं, ते रेस होणारच कसं? आणि रेस झालं असेल तर गाडी गिअरमध्ये होती, वेग जास्त असताना खालचा गिअर पडला तर चाकं इंजिनला फिरवतात आणि आरपीएम लाल पट्ट्यात जातं. दोन्ही आरोप एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. (न्यूट्रलमध्ये घाट उतरवणं वाईटच, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून फेल होतात, गणेश घाटात काय काय झालंय ते आपण पेपरात वाचतोच, पण तो मुद्दा ब्रेकचा झाला, क्रँकचा नाही.)

आता तुकडा उन्हात धरा आणि जरा तिरपा करून बघा. त्या काळ्या भागात बारीक गोल गोल रेघा दिसतायत ना, शिंपल्यावर असतात तशा? त्या सगळ्या एकाच कोपऱ्याकडे वळलेल्या असतात, तो कोपरा म्हणजे चिरेचं मूळ. चीर थोडी वाढली, थांबली, परत वाढली, त्याच्या त्या खुणा. गुळगुळीत का, तर दोन्ही बाजू इतके दिवस एकमेकांवर घासत होत्या, आणि काळा का तर चिरेत इंजिन ऑइल शिरत होतं. खरखरीत चमकणारा भाग शेवटच्या क्षणी एकदम तुटला तो. म्हणजे तुमची गाडी बरेच दिवस, कदाचित कित्येक ट्रिपा, अर्ध्या फाटलेल्या क्रँकवर चालत होती. एका घाटात एका झटक्यात तुटला असता तर सगळा चेहरा खरखरीत निघाला असता. शिवाय शेवटी तुटलेला भाग निम्म्याहूनही कमी आहे, याचा अर्थ तुटायच्या वेळी त्यावर फार मोठा जोर नव्हताच, उरलेलं लोखंडच थोडं होतं.

घाटाने शेवटचा धक्का दिला असेल, नाही म्हणत नाही. इंजिन खरंच ओव्हरस्पीड झालं होतं का ते बघायचं असेल तर पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्ह लागल्याच्या खुणा आणि वाकलेले पुशरॉड बघा, आणि इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर बऱ्याच ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, ओव्हरस्पीडची नोंद राहते, ती स्कॅनर लावून काढा. तीही मिळाली तरी चीर जुनी होती हे बदलत नाही.

फोटोत मूळ रेडियसमध्ये दिसतंय, तेव्हा हे वाकून तुटणं आहे. मग दोन प्रश्न मिस्त्रीला विचारा. हा क्रँक आधी कधी ग्राइंडिंग मशीनवर घासला होता का, आणि कुठे? आणि मेन बेरिंगचे (ब्लॉकमध्ये क्रँक ज्यांच्यावर फिरतो ती बेरिंगं) सगळे शेल, म्हणजे अर्धगोल पत्रे, ओळीने मांडून दाखव म्हणावं. सगळे सारखे घासलेले असतील तर ठीक, पण मधलेच जास्त खाल्लेत किंवा एकच शेल एका कडेला घासलाय असं असेल तर ब्लॉकचे मेन बोअर एका रेषेत राहिलेले नाहीत, किंवा कोणीतरी मेन बेरिंगच्या कॅप (क्रँकला खालून धरणारी झाकणं) अदलाबदल करून बसवल्यात. त्या कॅप ब्लॉकला लावूनच बोअर केलेल्या असतात, तिसऱ्याची कॅप चौथ्याला चालत नाही, म्हणून तर नंबर असतात त्यांच्यावर. बोअर वाकडे तर दर फेऱ्याला क्रँक वाकतो आणि सरळ होतो, मिनिटाला दीड-दोन हजार वेळा. तिथे बिचाऱ्या ड्रायव्हरने काय करायचं.

प्रश्न : गाडी गरम झाली की आयडलवर ऑइल प्रेशर पडतं आणि खालून ठक ठक आवाज येतो, रेस दिली की कमी होतो. मिस्त्री म्हणतो जाड ऑइल टाकू, आवाज बसेल. टाकू का? (महू)

आवाज बसेल, बेरिंग नाही बसणार. जाड ऑइल टाकून गाडी विकणारे लोक असतात, तुम्हाला चालवायची आहे ना? मग आधी ऑइल फिल्टर काढा, डबा कापा, आतला कागद उलगडून उन्हात पसरा. चंदेरी किंवा तांब्याच्या रंगाची चमचम दिसली तर चुंबक फिरवा. चुंबकाला जे चिकटलं ते लोखंड, आणि जे चिकटलं नाही ते बेरिंगचा थर असायची शक्यता फार. तांब्याचा रंग दिसला तर वरचा थर जाऊन खालचा उघडा पडलाय, गाडी उभी करा.

ऑइलही बघा. लेव्हल न टाकता वाढलीये आणि डिझेलचा वास येतोय? मग डिझेल उतरतंय, ऑइल पातळ झालंय. पाणी उतरतंय का ते बघायला तवा तापवून त्यावर दोन थेंब टाका, तडतडलं तर पाणी आहे, मग ऑइल कूलर, लायनरची रबरं, हेड गॅस्केट यांच्याकडे वळा. घरचा तवा नको, वहिनी मला शिव्या देतील.

आवाज मेन बेरिंगचा की बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेरिंगचा, हे ओळखायचं तर मेनचा आवाज खोल, जड, लोडवर जास्त. बिग एंडचा जरा मोकळा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताना स्पष्ट. एकेक सिलिंडर बंद करून बघा, ज्याला आवाज कमी होईल तिथला बिग एंड. चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं पातेलं) उतरवून शेल बघताना कनेक्टिंग रॉडचा वरचा शेल आधी बघा आणि मेनचा खालचा, कारण भार तिकडे येतो. क्रँकची पिन निळी पडली असेल तर ती तापलीये, नुसते शेल बदलून गाडी बांधू नका, आधी क्रॅक टेस्ट, म्हणजे भेगांची तपासणी.

प्रश्न : मी आयटीआय डिझेल मेकॅनिक करतोय. क्रँक ग्राइंडिंगहून आला की मिस्त्री नुसता मायक्रोमीटर लावतात आणि बसवतात. अजून काय बघायला हवं? (परदेशीपुरा, इंदूर)

छान विचारलंस बाळा, हे तुझ्या उस्तादांनीही वाचावं. मायक्रोमीटर लाव, पण एका पिनवर दोन्ही कडांना आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा लाव, टेपर (एका कडेला बारीक) आणि ओव्हल (लंबगोल) दोन्ही कळतात. त्यानंतर रेडियस गेज लाव, आणि खरं सांगायचं तर मायक्रोमीटरपेक्षा मला हेच महत्त्वाचं वाटतं. पिन जिथे वेबला मिळते तिथली गोलाई कंपनीने दिली तेवढीच राहिली पाहिजे. ग्राइंडिंगवाल्याने घासायच्या चाकाला नीट आकार दिलेला (ड्रेस केलेलं) नसेल तर तिथे गोलाईच्या जागी धारदार कोपरा उरतो, मायक्रोमीटरवर माप एकदम बरोबर येतं आणि क्रँक त्याच कोपऱ्यातून तुटतो. बोटाच्या नखाने पण कळतं, नख अडकलं तर परत पाठव. काही क्रँकच्या रेडियस रोल केलेल्या असतात, म्हणजे दाबून मजबूत केलेल्या, तिथे चाक लावायची परवानगी आहे का ते मॅन्युअलमध्ये बघ.

दुसरं, क्रँक कसा हार्ड केलाय ते माहीत पाहिजे. इंडक्शनवाल्याचा, म्हणजे विजेने तापवून कडक केलेल्याचा, थर काही मिलिमीटर खोल असतो, त्याला ०.२५, ०.५० मिमी असे अंडरसाइज, म्हणजे घासून बारीक केलेले साइज, मारता येतात. नायट्राइड केलेल्याचा, म्हणजे नायट्रोजन मुरवून कडक केलेल्याचा, थर असतो तीन-चार दशांश मिलिमीटर, जास्तीत जास्त अर्धा. हिशेब कर, ०.५० अंडरसाइज म्हणजे प्रत्येक बाजूने ०.२५ गेलं, कडक थर बराचसा साफ, मग परत नायट्राइड केल्याशिवाय तो क्रँक टिकणार नाही. हे विचारल्याशिवाय घासून देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

तिसरं क्रॅक टेस्ट, घासायच्या आधी आणि घासल्यावर पण, कारण कूलंट कमी पडून पिन तापली तर ग्राइंडिंगनेच बारीक भेगा पडतात ज्या साध्या डोळ्याला दिसत नाहीत. क्रँकला चुंबक करून चमकणारं तेल सोडतात आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघतात, भेग हिरवी उजळते. टेस्ट झाल्यावर डीमॅग्नेटाइज केलं का ते नक्की विचार, नाहीतर तो क्रँक इंजिनमधला सगळा लोखंडी चुरा स्वतःकडे ओढत बसेल. जुने मिस्त्री क्रँक टांगून हातोडीने वाजवतात, चांगला असेल तर टण्ण असा लांब घुमतो, बद्द वाजला तर भेग. ऐकायला मजा येते आणि मोठी भेग पकडतेही, पण बारीक भेग तिला सापडत नाही, त्या भरवशावर बांधू नकोस.

शेवटी तेलाची भोकं. तोंडं गोल केलेली हवीत, प्लग काढून आतून ब्रश मारून डिझेलने धू आणि हवा मार. ग्राइंडिंगची पूड आत राहिली तर नव्या बेरिंगांची वाट लागायला फार वेळ लागत नाही, आणि मग सगळे बेरिंग कंपनीला शिव्या देतात.

प्रश्न : क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर सारखे जातात, दुसऱ्यांदा क्रँकची बाजूच खाल्ली गेली. (पीथमपूर)

ड्रायव्हरचा पाय बघा भिया. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर क्रँक सतत एका दिशेला ढकलला जातो आणि थ्रस्टमधलं तेल निघून जातं, सिग्नलला क्लच दाबून उभं राहणं पण त्यातच आलं, न्यूट्रल करून पाय काढायला सांगा. पाय बरोबर असेल तर क्लचचा फ्री प्ले (पेडलची मोकळी चाल) आणि बूस्टर (पेडलला हवेच्या दाबाने मदत करणारा) बघा, बूस्टर पूर्ण परतत नसेल तर पाय काढूनही दाब राहतोच. बसवताना डायल गेज लावून क्रँक पुढे-मागे ढकलून प्ले मोजा, ट्रक इंजिनला साधारण ०.१ ते ०.३५ मिमीच्या आत असतो, नक्की आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलचा. आणि वॉशरच्या खाचा क्रँककडे, हे उलटं बसवलेलं मी बघितलंय म्हणून सांगतो.

प्रश्न : नवा क्रँक परवडत नाही, जुनं हाफ इंजिन, म्हणजे क्रँकसकट खालचा ब्लॉक, घ्यायचं ठरलंय. दुकानदार खोलू देत नाही, फक्त चेंबर उतरवू म्हणतो. काय बघू? (राऊ)

तेवढंही पुष्कळ आहे. चेंबरच्या तळाचा गाळ बोटांत चोळून बघा, चमचम आणि कण लागतात का. सगळ्या मेन कॅपचे नंबर ओळीने आहेत का आणि बोल्ट एकाच जातीचे आहेत का ते बघा. क्रँक हाताने फिरवून बघा, कुठे अडतोय का. वेबवर वेल्डिंगची खूण किंवा रंगाचा हात दिसला तर नमस्कार करून निघा. एक मेन कॅप आणि एक कनेक्टिंगची कॅप तरी काढायला लावाच, त्याला म्हणा पैसे रोख देतोय, आणि शेलच्या पाठीवरचा आकडा वाचा. एसटीडी (स्टँडर्ड, म्हणजे न घासलेला) असेल तर उत्तम, ०.२५ चालेल, ०.७५ किंवा १.०० असेल तर तो क्रँक पुढे घासायला फारसा उरलेला नाही, भाव त्या हिशेबाने करा.